टाकी फुल केली की गाडी बंद पडायची

मे महिन्यात नागपुरात सिग्नलवर गाडी बंद पडणं काय असतं ते इथं राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. बाहेर ४५ डिग्री, एसी फुल, मागं ट्रक, अन् क्लच दाबून थांबलं की आरपीएमचा काटा ७५० वरून घसरत ५०० वर, मग थोडा वर, मग परत खाली, स्टिअरिंगला थरथर, अन् एकदम गप्प. सेल्फ मारला तर पटकन चालूही नाही व्हायची, नुसती घरघर, ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला तरच उठायची अन् उठल्यावर पेट्रोलचा वास. हायवेला लागली की मात्र एकदम शहाणी. कामठीला माझी रोजची ड्युटी, त्या रस्त्यावर ६०-७० ने जाताना वाटायचं पण नाही की हिला काही झालंय.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बीएस४, लाखाच्या बरीच वर चालली आहे. कोणत्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही कारण जे निघालं ते त्या काळातल्या कोणत्याही पेट्रोल गाडीत निघू शकते, अन् नाव लिहिलं की लोक मूळ गोष्ट सोडून कंपनीवर भांडत बसतात.

हायवेला शहाणी अन् सिग्नलला नाटकं असं का, हे मला आधी कळत नव्हतं, मग दिरानं समजावलं. आयडलला, म्हणजे गाडी उभी अन् इंजिन नुसतं चालू असताना, इंजिन अगदी थोडी हवा खाते. ॲक्सिलरेटरवर पाय नसतो, थ्रॉटलची झडप (इंजिनात हवा सोडणारी) जवळपास बंद असते, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतःच तिला केसभर उघडी ठेवून (जुन्या गाड्यांत वेगळा आयडल व्हॉल्व्ह असतो) इंजिन गरम असताना ७००-८०० वर टिकवून ठेवतो, सकाळी थंड असताना १२००-१४००, एसी लावला की शंभरेक वाढवतो. आता एवढ्या थोड्या हवेत कुठून तरी थोडी जास्तीची हवा किंवा जास्तीचं पेट्रोल घुसलं तर हिशोब लगेच बिघडतो. तेवढीच गडबड हायवेला पण चालूच असते पण तिथं हवा अन् पेट्रोल दोन्ही इतकं जास्त जात असते की ती बुडून जाते. म्हणून आयडलची तक्रार असली की फक्त आयडलशी संबंधित पार्ट बघायचे असं नसते, बिघाड कुठंही असू शकतो, दिसतो फक्त तिथं.

पहिल्या गॅरेजमध्ये गेले तर तिथल्या मिस्त्रीनं ऐकून घेतलं, बोनट उघडलं अन् म्हणाला थ्रॉटल बॉडी घाण झाली असंन ताई, साफ करून देतो, प्लग बी पाहून घेतो. थ्रॉटल बॉडी खरंच घाण होती, झडपेच्या कडेला काळा कार्बन, स्प्रे मारून पुसून काढला. प्लग काढले तर चारही काळेकुट्ट, कोरडी काजळी बसलेली, घासली की बोटाला लागते अशी. नवीन टाकले. जाताना सांगितलं की दोन-तीन दिवस आयडल थोडा जास्त राहील, घाबरू नका, ईसीयूला घाण असलेल्या झडपेची सवय झाली आहे ती सुटायला वेळ लागते. हे बरोबरच होतं, झालंही तसंच, ९००-१००० वर राहिली अन् मग हळूहळू खाली आली. काही दिवस गाडी छान चालली. मला वाटलं झालं काम.

मग परत सुरू. परत गेले तर म्हणाला, आता पेट्रोलच तसं येऊन राह्यलं ना ताई, इथेनॉलवालं, सगळ्यांच्याच गाड्या तसंच करून राहिल्या. २०२५ चा उन्हाळा होता, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडं आलेलं, त्यामुळं गाडीचं काहीही झालं की इथेनॉल. ॲव्हरेज कमी, इथेनॉल. आवाज, इथेनॉल. टायर पंक्चर झाला तर तो पण इथेनॉलनं झाला म्हणतील. ॲव्हरेज पडते ते खरं आहे, जुन्या रबरी पायपांची काळजीही खोटी नाही, पण एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते. पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा, तर इथेनॉलला ९ च्या आसपास. म्हणजे जुन्या हिशोबानं ट्यून केलेल्या गाडीत असं पेट्रोल टाकलं तर मिश्रण पातळ व्हायला पाहिजे, पेट्रोल कमी पडायला पाहिजे. अन् माझ्या गाडीचे प्लग काजळीनं काळे! काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त जाऊन राहिलं. प्लग बदलले ते ठीक, पण ते काळे काहून झाले हे कोणी विचारलंच नाही.

दुसरं गॅरेज मोठं होतं, एसी वेटिंग रूमवालं, तिथं स्कॅनर लावला. चेक इंजिनचा दिवा पेटलेला नव्हता पण एक पेंडिंग कोड (ईसीयूनं नोंदवलेला, पण अजून पक्का न झालेला बिघाड) निघाला, पी ०१७२, म्हणजे मिश्रण जास्त रिच, हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. तिथल्या सुपरवायझरनं माझ्याकडं न बघता नवऱ्याला सांगितलं की सर ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल. (नवरा फक्त मला सोडायला आला होता, त्याला बोनट कुठून उघडतात ते पण विचारून सांगावं लागते.) मी विचारलं की सेन्सर खराब आहे हे कशावरून? तर म्हणे कोड आलाय ना मॅडम. हा सेन्सर सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. म्हणजे सेन्सर सांगतोय पेट्रोल जास्त जातंय, वर प्लग काळे, मागं वास येतोय, तिन्ही गोष्टी एकच बोलतात, अन् आपण जो खरं बोलतो त्यालाच काढून फेकायचं? सेन्सरचे चार-पाच हजार, लेबर वेगळं. मी म्हटलं थांबा, विचार करून सांगते.

दिराजवळ एक ब्लूटूथ डोंगल पडून होतं, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावलं की ईसीयूचे आकडे मोबाईलवर दाखवणारं, ईएलएम ३२७ वालं, ऑनलाइन हजाराच्या आत मिळते. मोबाईलवर टॉर्क ॲप. सुरुवातीला मी नुसते काटे बघत बसायचे, स्पीडचा काटा, टेम्परेचरचा काटा, मजा वाटायची. मग दिरानं सांगितलं वहिनी ते सगळं सोडा, तीनच गोष्टी बघा, मॅप, शॉर्ट टर्म ट्रिम अन् लाँग टर्म ट्रिम.

मॅप म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे थ्रॉटलपासून इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या, आतलं प्रेशर. इंजिन बंद, नुसती चावी ऑन केली तर तो बाहेरच्या हवेचं प्रेशर दाखवतो, आमच्याकडं ९७ किलोपास्कलच्या आसपास आला, मुंबईत १०० च्या वर येईल, पुण्यात अजून कमी, उंचीप्रमाणं. हा आकडा बरोबर असला म्हणजे सेन्सर निदान एका टोकाला तरी खोटं बोलत नाही. इंजिन चालू करून आयडलला तो ३०-३५ ला यायला पाहिजे, कारण बंद झडपेमागं इंजिन ओढून ओढून व्हॅक्यूम तयार करते. माझ्याकडं गरम इंजिनला, एसी बंद, ४० च्या वर अन् हलत होता.

ट्रिम म्हणजे ईसीयू आपल्या ठरलेल्या हिशोबात किती टक्के कमीजास्त करून राहिला ते. प्लस म्हणजे पेट्रोल वाढवतोय, मायनस म्हणजे कापतोय. शॉर्ट टर्म सारखी नाचत असते, लाँग टर्म सावकाश शिकते, दोघींची बेरीज बघायची. पाच-सातच्या आत असली तर कोणी झोप खराब करून घेत नाही. माझी आयडलला मायनस २० च्या पुढं. अन् तिथंच उभी करून २५०० वर धरली तर मायनस ४. परत सोडलं की परत मायनस २०. म्हणजे जास्तीचं पेट्रोल कुठून तरी एका ठराविक मापानं येतंय, आयडलला ते खूप वाटते, रेस केलं की नगण्य. अन् आयडलला ईसीयू कापून कापून किती कापणार, शेवटी इंजिन गुदमरते.

इथपर्यंत येऊनही उत्तर एकच निघत नव्हतं. गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा पार्ट) असला तरी असंच दिसेल, फ्युएल प्रेशर जास्त असलं तरी थोडंफार तसंच. मी इंजेक्टर साफ करायच्या विचारात होते. पण एक दिवस डोंगल लावलं तर सगळं नॉर्मलला आलेलं, ट्रिम प्लस २, गाडी बंद नाही, काही नाही, फक्त आयडल ९०० वर चढून बसलेला. अन् गळका इंजेक्टर असा सुट्टीवर जात नसतो.

मग मी बसून एक काम केलं जे मला वाटते सगळ्यात कामाचं ठरलं. गाडी बंद पडली की मी नवऱ्याला व्हॉट्सॲपवर टाकायचे, "परत बंद पडली", कधी नुसतं रागाचं तोंड. ते सगळे मेसेज शोधले, तारखा काढल्या. अन् दुसरीकडं यूपीआयची हिस्टरी उघडली, त्यात पेट्रोल पंपाचे पैसे कधी कधी दिले ते सगळं असते. दोन्ही एका कागदावर. बघते तर बहुतेक वेळी पेट्रोल भरलं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रागाचं तोंड, मग हळूहळू कमी, टाकी अर्ध्याच्या खाली गेली की मेसेजच नाहीत. अन् पाचशेचं टाकलं तेव्हा काही नाही, टाकी फुल केली तेव्हाच. एप्रिलच्या सुरुवातीला कमी, मेमध्ये जास्त. पहिल्या गॅरेजनंतर जे बरे दिवस गेले ते पण अर्ध्या टाकीचे होते, थ्रॉटल बॉडीचा त्यात फार हात नव्हता.

दिराला कागद दाखवला तर तो दोन मिनिटं गप्प बसला अन् म्हणाला, वहिनी, पर्ज व्हॉल्व्ह.

पेट्रोलची वाफ होते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यातला हलका भाग ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतो, म्हणजे नागपूरच्या उन्हात टाकीत काय होत असंन विचार करा. ही वाफ पूर्वी बाहेर सोडून द्यायचे, आता प्रदूषणाच्या नियमांमुळं तसं चालत नाही. म्हणून टाकीपासून एक पाइप निघून कोळशाच्या डब्यात जातो, त्याला कॅनिस्टर म्हणतात, त्यातला कोळसा वाफ शोषून धरतो. मग गाडी नीट गरम झाली, चालू लागली की ईसीयू एक छोटा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह टकटक उघडतो अन् इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकते. तो पर्ज व्हॉल्व्ह. ईसीयू सांगेल तेव्हाच अन् सांगेल तेवढाच उघडायचा, एरवी घट्ट बंद. तो जर उघडाच अडकला तर टाकीतली वाफ चोवीस तास मॅनिफोल्डमध्ये. टाकी फुल अन् तापलेली असली की निव्वळ पेट्रोलची वाफ, मिश्रण रिच, ट्रिम मायनस, बंद पडल्यावर परत चालू व्हायला त्रास, कारण मॅनिफोल्डमध्ये वाफ साचलेली. टाकी रिकामी होत आली, कॅनिस्टर सुकला की त्याच भोकातून बहुतेक साधी हवा येते, ती हवा मॅप सेन्सर मोजूनच घेतो त्यामुळं मिश्रण ठीक राहते पण आयडल चढतो. माझ्या ९०० चं गणित सुटलं.

मग व्हॉल्व्हचा कोड काहून नाही आला? कारण आमच्या गाडीत ईसीयू त्या व्हॉल्व्हची वायर अन् कॉइल तेवढी तपासतो, करंट जाऊन राहिला की त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक. आतली झडप कचऱ्यानं उघडी राहिली हे त्याला दिसत नाही.

तपासणी मात्र अगदी सोपी निघाली. रविवारी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना अंगणात, मोकळ्या हवेत, कारण पेट्रोलच्या वाफेशी खेळ आहे, जवळ बिडी-सिगारेट, पूजेची उदबत्ती काही नाही (सासूबाईंना तेवढं थांबवलं). पर्ज व्हॉल्व्ह मॅनिफोल्डजवळच असतो, काळा, अंगठ्याएवढा, दोन पाइप अन् दोन पिनचा कनेक्टर. इंजिन चालू केलं, कॅनिस्टरकडून येणारा पाइप व्हॉल्व्हवरून उपसला अन् व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवलं. थंड इंजिनला ईसीयू तो उघडतच नाही, म्हणजे बोटाला काहीच ओढ लागायला नको. माझं बोट चिकटलं! अन् बोट लावल्या लावल्या इंजिनचा आवाज बदलला, काटा नीट एका जागी. मी बोट काढून लावून, काढून लावून किती वेळ तेच करत होते, दीर म्हणाला बस झालं आता.

मग टाकी फुल करून आणली, मुद्दाम, दुपारी. आयडलला ट्रिम परत मायनस २०. पाइपाला फडकं गुंडाळून पक्कडनं हळूच चिमटला. काही मिनिटांत लाँग टर्म मायनस १५, मायनस ११, अशी चढत चढत शून्याजवळ. मॅप ४० वरून ३३. एसी लावला, बंद नाही पडली. पक्कड सोडली, परत नाटकं. एवढं झाल्यावर ऑक्सिजन सेन्सरला बिचाऱ्याला क्लीन चिट.

व्हॉल्व्ह काढून तोंडानं फुंकला तर हवा आरपार, जे व्हायला नको. बॅटरीचे १२ व्होल्ट दिले तर टक् असा आवाज पण यायचा, म्हणजे कॉइल जिवंत, झडप मात्र बसत नव्हती. आपटला तर आतून बारीक काळे दाणे पडले. मला वाटलं कार्बन. दीर म्हणाला कार्बन नाही, कोळसा आहे, कॅनिस्टरच्या आतली जाळी फुटली, दाणे पाइपातून इथपर्यंत आले.

म्हणजे नुसता व्हॉल्व्ह बदलून भागणार नव्हतं. घराजवळच्या छोट्या गॅरेजमधल्या मिस्त्रीला मी यावेळी लक्षण सांगितलंच नाही, सरळ सांगितलं की पर्ज व्हॉल्व्ह अन् कॅनिस्टर दोन्ही बदलायचं आहे, मधला पाइप हवेनं मारून साफ करायचा आहे. तो म्हणाला, कॅनिस्टर कोण बदलते ताई, पाइप बंद करून टाकतो, बूच मारतो, फुकटात होऊन जाते. हा सल्ला बरेच जण देतात. पण पाइपाला बूच मारलं तर वाफ जाणार कुठं, कॅनिस्टर भरून वाहणार, उन्हात उभ्या गाडीत वास, अन् टाकीचं झाकण उघडलं की फुस्स. मी म्हटलं नाही, बदलूनच द्या. कॅनिस्टर मागं टाकीजवळ गाडीखाली होता, काढला तर नुसता हलवला की खुळखुळा वाजावा तसा वाजत होता, वजनाला पण जड, पेट्रोलनं ओला. दोन्ही मिळून खर्च ऑक्सिजन सेन्सरच्या कोटेशनच्याच आसपास गेला, म्हणजे पैसे वाचले असं नाही म्हणता येणार, पण पैसे बरोबर जागी गेले.

ओला काहून झाला तेही मिस्त्रीनंच सांगितलं. पंपावर नोझल आपोआप कट होते ना, त्यानंतर पोरगा "राउंड फिगर करू का" म्हणून अजून टुक टुक टाकतो, १९४६ चे २००० करतो. टाकीत वर जी रिकामी जागा सोडलेली असते ती वाफेसाठी असते. तिथं पेट्रोल भरलं की ते पातळच्या पातळ वाफेच्या पाइपात जाते अन् कोळसा भिजते. भिजून भिजून दाणे फुटतात, जाळी सुटते. चिल्लरच्या जमान्यात राउंड फिगरला अर्थ तरी होता, आता यूपीआयवर १९४६ काय अन् २००० काय. तरी आमच्या पंपावरचा पोरगा मी कट झाल्यावर बस म्हटलं की अजूनही असा बघतो जसं मी त्याच्या मालकाचं नुकसान केलं.

नवीन टाकल्यावर ईसीयूची जुनी शिकवण पुसली, म्हणजे डोंगलनं रिसेट केलं, अन् पहिल्यांदा नवतपातच (मेअखेरचे ते तापाचे नऊ दिवस) टाकी फुल करून, फक्त कट होईपर्यंत, व्हरायटी चौकापासून कामठीपर्यंत दुपारी दोनला एसी लावून गेले. आयडल ७५०, एसीवर ८५०, मॅप ३३-३४, लाँग टर्म प्लस ३ ते ४. तो प्लस इथेनॉलचा असू शकतो, मला मान्य आहे, त्याचं ज्याचं त्याला दिलं. प्लग नंतर एकदा काढून पाहिले, टोकाला फिकट बदामी रंग. सकाळी पहिला मिनिटभर १३०० वर असते तेव्हा नवरा अजून घाबरून विचारतो की परत झालं का, ते नॉर्मल आहे, थंड इंजिनला तसंच लागते.

डोंगल दिरानं परत नेलं. त्याच्या गाडीचा आयडल पण आता वरखाली व्हायला लागला, पण उलटं, आयडलला ट्रिम प्लस १६ अन् २५०० ला प्लस ३. त्याच्या गाडीत मॅप नाही, हवा मोजणारा सेन्सर थ्रॉटलच्या आधी बसवलेला आहे, त्यामुळं पुढं कुठं पाइप फाटला तर ती हवा न मोजता आत जाते. मी त्याला ब्रेक बूस्टरचा पाइप आधी बघ म्हटलं आहे, तो पण मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, अन् पक्कड माझ्याचजवळ आहे.